पाण्याच्या गाडीवरची धूळ

अब्बा,

गेल्या महिन्यात मी रस्त्यावरची धूळ मलमलच्या जुन्या ओढणीतून चाळून, डब्यात भरून घरात आणली, आणि आठ दिवस खपून पॉलिश केलेल्या वस्तूवर स्वतःच्या हातानं लावली. तुम्ही असता तर मला दुसऱ्यांदा दुकानाबाहेर काढलं असतं. पहिल्यांदा काढलंत तेव्हा मी बारा वर्षांची होते. आता बासष्ट पूर्ण झाली. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि तुमच्या जावयांना सहा. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हाही नाही, कारण रहिमतपूरहून मिरज काही फार लांब नव्हतं आणि आपल्या घरात कुणी कुणाला पत्र लिहीत नसे. घरात आपण आपली दखनी बोलायचो. पण मला लिहिता येतं ते मराठीच, आणि तेही शाळेपेक्षा जास्त तुमच्या दुकानात शिकलेलं. तानपुऱ्याला पॉलिश देताना खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. मी हात चालवत ती वाचत बसायचे, कधी सुलटी, कधी उलटी. अर्धी बातमी लाखेच्या डागाखाली गेलेली असायची, ती मी मनानं पुरी करायचे. पुढं गावातल्या वाचनालयातलं कपाट मी तसंच संपवलं, कुणी न सांगता.

तो दिवस मला अजून दिसतो. पॉलिशचा दिवस म्हणजे दुकानात जवळजवळ सुतकासारखी शांतता. पंखा बंद, दारावर ओलं पोतं टांगलेलं, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, की कुठून धुळीचा एक कण उडू नये. तुम्ही चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली, आणि कापसाची पुरचुंडी माझ्या हातात. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा एक हात. मोठ्या भोपळ्याच्या पाठीवर आपलं तोंड दिसायला लागेपर्यंत. मला ते यायचं, अब्बा. मी फुशारकी मारत नाही. तुम्हीच मला शेवटचा हात द्यायला बसवायचात. त्या दिवशी पुण्याच्या कुणा बाईंचा तानपुरा होता, दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. अम्मीनं हाक मारली म्हणून मी मागं गेले, येताना भोपळ्यांचं रिकामं पोतं दिसलं, ते उचलून झटकलं. दाराच्या आतच झटकलं. तुम्ही ओरडला नाहीत. उठून तानपुऱ्याजवळ गेलात, ओल्या पॉलिशवर बसलेली धूळ पाहिलीत आणि माझ्या हातातली पुरचुंडी काढून घेतलीत. म्हणालात, "या हाताला धुळीची शरम नाही. उद्यापासून दुकानात यायचं नाही." दुसरे दिवशी मी आले तर तुम्ही नुसतं दाराकडे बोट केलंत. त्यानंतर मी उंबऱ्यावर बसून पाहायचे. पाहायला तुम्ही बंदी घातली नव्हती, आणि मी पाहणं सोडलं नाही. पण पुरचुंडी पुन्हा हातात आली नाही, आणि आपला हात वाईट आहे ही गोष्ट मी मनात पक्की धरली ती पन्नास वर्षं.

लग्नात तुम्ही मला पोळपाट-लाटणं दिलंत. तानपुऱ्याच्या दांडीचं, तुणीचं लाकूड, आणि त्यावर पॉलिश इतकं की सासूबाईंनी त्यात स्वतःचा पदर नीट केला. पहिल्याच दिवशी पोळी पोळपाटावरून अशी सरकली की चुलीच्या कडेला जाऊन पडली. ओल्या हातांनी आठवड्याभरात पॉलिश पांढरंफटक पडलं. तुमचे जावई तेव्हा रजेवर होते. म्हणाले, "तुजे अब्बा भाकरीपन सुरात वाजवतील." सगळे हसले, मीही हसले. पण मला कळत होतं की ज्या माणसाला चमकवण्याशिवाय माया दाखवता येत नाही, त्यानं त्याच्या परीनं सगळं दिलंय.

तुमच्या जावयांचं काम तुम्हाला माहीत होतं, पण पुन्हा सांगते. ते फौजेत पाण्याची गाडी चालवायचे. मोठ्या ट्रकवर लोखंडी टाकी, लांबट अंड्यासारखी, मागं नळांची रांग. वाळवंटात जिथं पलटण पसरलेली असे तिथं ठाण्या-ठाण्यावर जाऊन पाणी द्यायचं, परत भरायचं, परत जायचं. नोकरीच्या एकोणीस वर्षांतली बहुतेक अशीच गेली. गावात त्यांना पाणक्या म्हणायचे. पारावर बसलेली माणसं ते आले की हमखास म्हणायची, "आलं बगा पाणक्या फौजी. बंदूक तरी हातात धरलीया का रं कवा?" ते उत्तर द्यायचे, "धरली हाय की. नळाची." आणि स्वतःच आधी हसायचे. तुम्ही एकदा गावी आला होता, आठवतं? अंगणात बाजेवर बसून तुम्ही त्यांना विचारलंत, फौजेत नेमकं काय करता. ते जरा ओशाळून म्हणाले, "पाणी पोचवतो." तुम्ही म्हणालात, "चांगलं काम आहे. यात कुणाचं वाईट होत नाही." त्या रात्री ते जेवताना दोन भाकरी जास्त जेवले.

शेवटच्या आजारपणात त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. एका दुपारी खाटेवर उशाला टेकून बसले होते, खिडकीतून बाहेर बघत होते. अचानक म्हणाले, "काय केलं गं मी तिथं एवढी वर्षं? मानसं लढली. मी पानीच तर वाटलं." मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली आणि चहा आणते म्हणून बाहेर गेले. तुमचे शब्द मला तेव्हा आठवले असते तर मी तेच सांगितलं असतं. आठवले ते पंधरा दिवसांनी, दफन झाल्यावर. तो न दिलेला जबाब माझ्याजवळ राहिला. बाकी दुःखाची सवय होते, अब्बा, त्याची झाली नाही.

गेल्या वर्षी गावातल्या माजी सैनिकांनी ग्रामपंचायतीची जुनी खोली मागून घेतली. तिथं गावातल्या फौजी लोकांचे फोटो, पदकं, आणि काचेच्या कपाटात छोटे रणगाडे, तोफा असं मांडायचं ठरलं. सव्वीस जानेवारीला खोली उघडायची होती. मी फोटो घेऊन गेले. टेबलामागं सुभेदार बसले होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पायदळातले, गावात त्यांच्या शब्दाला मान. बाजूला आणखी दोघं-तिघं. कपाटात पुण्याहून आणलेला रणगाडा आणि एक तोफ बसवून झाली होती. मी विचारलं, "आमच्या गाडीचं काय?"

"कंची गाडी, वहिनी?"

"पाण्याची."

बाजूचा एक जण हसला. "मंग भाजीची गाडीबी ठिऊ की. आन् धोब्याची इस्त्री."

"गप रं," सुभेदार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आवं वहिनी, मी न्हाई म्हणत न्हाई. पर गाडी मिळायची कुटं? रणगाडं बाजारात तयार मिळत्यात. पाण्याची गाडी कोन बनवतंय?"

"मी आणली तर?"

"तर बगू. पर खरी दिसली पायजे. फौजेत दिस काडलेल्या मानसांनी ती बगून हसाय नगं. आदीच त्याला लय हसल्यात."

हे शेवटचं ते हळू बोलले. म्हणून मला राग आला नाही. बाहेर पडताना माझं ठरलं होतं. ती गाडी त्या कपाटात गेली पाहिजे, आणि कुणी हसता कामा नये.

माझ्याजवळ एक फोटो होता. त्यात ते गाडीच्या दाराला हात लावून उभे आहेत, कोपर मडगार्डवर. गाडीचं माप मला माहीत नव्हतं. पण त्यांचं होतं. त्यांच्या पँटी मीच आखूड करायचे, साडेपाच फूट आणि वर एक केस. आणि तुमच्या दुकानात मापं बोटांत चालायची, तेच मला येतं. म्हणून मी एक फुटाला एक बोट धरलं आणि पुठ्ठ्यातून साडेपाच बोटं उंचीचा माणूस कापला. तो टेबलावर उभा केला. चाक त्याच्या कमरेला लागतं, दाराची कडी छातीला, टाकीचा वरचा काठ डोक्याच्या वर दोन बोटं. अशी ती सगळी गाडी मी माणसावरून मोजली. माझा मुलगा पुण्याहून आला होता, म्हणाला, "अम्मी, याची तयार मापं मोबाईलवर मिळतील." मी म्हटलं मिळू देत, मला तुझ्या अब्बांच्या उंचीवरून जमतंय.

सामानासाठी मी मिरजेला गेले. दुकान आता माझा भाऊ चालवतो, तुमचा धाकटा, केस पांढरे झालेत त्याचे. मी आत जाऊन तुमच्या जागेशेजारी बसले. पन्नास वर्षांत मी दुकानात शंभरदा आले असेन, पण पाहुणी म्हणून, दारातल्या खुर्चीवर. त्यानं तुणीचे तुकडे काढले, नक्षीच्या कडांना लावायचा पांढरा प्लास्टिकचा पातळ पत्रा दिला, तारेची वेटोळी दिली. माळ्यावरून एक भोपळा काढला, लांबट, दुधीसारखा, कुठल्याच वाद्याच्या कामाचा नसलेला. मी म्हटलं हीच माझी टाकी. तो हसायला लागला.

"आपा, फौजेची टाकी आणि भोपळ्याची?"

"आपल्याला पोकळ आणि गोल म्हटलं की दुसरं काय सुचणार?"

"ते खरं," तो म्हणाला. मग सुतळी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता, "तू या कामात असायला हवी होतीस."

"माझा हात धुळीचा. अब्बांनीच काढलं."

तेव्हा त्यानं मान वर केली. "तुला खरंच तसं वाटतं? अम्मीनं मला सांगितलं होतं. तू मोठी व्हायला लागली होतीस. दुकानात बाहेरची माणसं दिवसभर बसायची, वादक, व्यापारी, कोण कुठचे. कुणीतरी काहीतरी बोललं असणार. अब्बांना ते तुला सांगता येईना. धूळ मिळाली, तीच पुढं केली."

मी तार पिशवीत भरली. त्या दिवशी परतीची पॅसेंजर भिलवडीला बराच वेळ थांबली होती, आणि मी खिडकीशी बसून माझा उजवा हात बघत होते. तुम्ही मला खरं सांगायला हवं होतं, अब्बा. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण हात तरी चांगला आहे हे मला माहीत राहिलं असतं. मला रागही येत होता आणि तुमची कीवही. मुलगी मोठी झाली एवढं एक वाक्य तोंडातून निघत नाही म्हणून ओल्या पॉलिशसमोर उभा राहिलेला, पुरचुंडी हातात धरलेला माणूस मला दिसत होता. तेव्हा तुम्ही चाळिशीचे असाल. आता माझा मुलगा आहे तेवढे.

भोपळा मी दोन दिवस पाण्यात भिजवला, तुम्ही करायचात तसाच. आतला गर नि बिया खरवडून काढल्या, मग दोन फळ्यांमध्ये ठेवून सुतळीनं आवळला, रोज एक पीळ जास्त. भोपळ्याचं गोल पोट हळूहळू चपटं झालं, अंड्यासारखं, आणि वाळल्यावर तसंच राहिलं. हे मी उंबऱ्यावरून पाहिलेलं, कधी केलेलं नव्हतं. खालची चौकट मात्र मला एकटीला कापता येईना. भावाला फोनवर मापं सांगितली, तेवीस बोटं लांब, साडेसात रुंद. त्यानं कापून एसटीनं पाठवली. मी तोपर्यंत ड्रायव्हरची केबिन पांढऱ्या पत्र्याची जोडून ठेवली होती. चौकटीवर ठेवली तर पैलवानाच्या डोक्यावर लहान मुलाची टोपी. फोन केला.

"तू कुणाच्या बोटानं कापलंस?"

"माझ्या. अब्बांच्या बोटाएवढं आहे माझं बोट."

"आणि माझ्या बोटाला काय झालंय?"

"अगं आपा, ते बाईचं बोट."

"मग गाडी बाईच करतेय. परत काप."

त्यानं परत कापली. या खेपेला मी माझ्या बोटाच्या रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी पाकिटात घालून पाठवली होती. चाकांसाठी हवाई चपलांचे तळ गोल कापून एकावर एक चिकटवले आणि कानशीनं घासले, ब्लेडनं खाचा पाडल्या. पुढचे दिवे म्हणजे ब्लाउजची टिचबटणं. मागचे सहा नळ सतारीच्या तारेचे, बारीक वळवलेले. टाकीवर पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांवर रिबिटांची रांग, ते काही केल्या जमेना. शेवटी मोहरी घेतली. एक एक दाणा सुईच्या टोकानं उचलून डिंकावर ठेवायचा. दोनशे चौदा दाणे. शेजारीण डोकावली, म्हणाली, "काय गं, फोडणी कंच्या भाजीला?" मी सांगितलं, ट्रकला.

रंगाचं दुकानदाराला सांगितलं, फौजी हिरवा. त्यानं दिला तो उसाच्या ट्रॉलीचा हिरवा. त्यात काळा घातला, पिवळा घातला, गेरूची चिमूट घातली, सात-आठ वेळा जुन्या डब्याच्या झाकणावर लावून पाहिला, तेव्हा कुठं तो त्यांच्या जुन्या पिशवीच्या रंगाशी जुळला. रंग वाळला आणि पुढं काय करायचं याचा मी विचारच केला नाही. लाख विरघळवली. दारावर ओलं पोतं टांगलं. पुरचुंडी केली. पहिला हात टाकीवरून फिरवला तेव्हा मनगटाला सगळं आठवत होतं, मला आठवायची गरज पडली नाही. आठ दिवस. एक हात, वाळवण, घासणी, पुन्हा एक हात. आठव्या दिवशी टाकीच्या पाठीत माझा चष्मा दिसला. मी ती गाडी चादरीत गुंडाळून, छातीशी धरून, सुभेदारांच्या घरी घेऊन गेले.

त्यांनी चादर काढली आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. ते हसू त्यांनी दाबलं, पण मी पाहिलं.

"वहिनी, काम एक लंबर केलंया. खोटं न्हाई बोलत. पर ही नवऱ्यामुलाची गाडी झाली. हार तेवढा बांदायचा राह्यलाय."

"चमकते म्हणून?"

"फौजेत चमकायचं ते बूट. गाडी चमकली की लांबनं दिसती, आन् दिसली की मेली. आमी तर आरशावरबी चिखल फासायचो." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "तुमी वाईट नका वाटून घेऊ. हाय तशी ठिऊ आपन."

"लोक हसतील का?"

ते खोटं बोलणारे नाहीत. म्हणाले, "फौजेतलं हसत्याल."

मी गाडी परत घेऊन आले. दारावरचं पोतं काढलं. सव्वीस तारखेला अकरा दिवस होते. अब्बा, मी तुमचीच मुलगी. पोळपाट चमकवणारा बाप आणि फौजी ट्रक चमकवणारी लेक. मला हसूही आलं आणि खुर्चीत बसून थोडं रडूही आलं. मग बारीक पॉलिशपेपर ओला करून मी ती सगळी चमक उतरवायला बसले. मोहरीच्या दाण्यांमधून काडीला पेपर गुंडाळून फिरवावा लागत होता. तीन दिवस लागले. टाकी मंद झाली, पण मेल्यासारखी दिसू लागली, कुठं न गेलेल्या गाडीसारखी. फोटो घेऊन खिडकीत गेले. तोवर मी त्या फोटोत हिरवा रंग बघत होते. आता बघितलं तर हिरवा कुठं दिसतच नव्हता. सगळी गाडी धुळीनं भरलेली होती. त्यांच्या कोपराखाली मडगार्डवर पुसल्यासारखा डाग होता तेवढाच हिरवा.

म्हणून ती ओढणी, आणि तो डबा. माळावरच्या रस्त्याची धूळ आणली, चाळली, पातळ रंगात कालवली, आणि चाकांपासून वर लावत गेले. खाली दाट, वर विरळ. पहिल्यांदा लावताना मी आधी दाराकडे पाहिलं. बारा वर्षांची मी तिथं उभी आहे असं वाटलं. समोरच्या काचेवर धूळ लावली आणि वायपर फिरतो तेवढे दोन अर्धे गोल पुसून काढले. दाराच्या कडीभोवती पुसलं, कारण तिथं रोज हात लागतो. मडगार्डवर कोपराएवढं पुसलं. नळांशी आले तेव्हा त्यांनी सांगितलेलं आठवलं. ते म्हणायचे, नळ कितीही आवळा, थेंब थेंब गळायचाच, आणि त्या ओसाडीत कुठून कुठून चिमण्या यायच्या, चाकाखाली बसायच्या. मग प्रत्येक नळाखाली मी ओल्या काडीनं धुळीतून एक बारीक गडद रेघ खाली ओढली. सहा रेघा. तिथं धूळ वाहून गेलेली, आणि खालचा हिरवा ओला दिसणारा.

चोवीस तारखेला मी गाडी खोलीत नेऊन टेबलावर ठेवली. पहिल्या दिवशी इस्त्रीवरून बोललेला तो माणूसही तिथं होता. कुणी हसलं नाही. सुभेदारांनी चष्मा लावला, वाकले, मागं जाऊन नळ पाहिले, बोट लावायला गेले आणि थांबले. मग ते त्या दुसऱ्याला म्हणाले, "गड्या, लांबनं काय दिसायचं रं आदी?"

"धूळ," तो म्हणाला.

"व्हय. गाडी नसायची दिसत. निस्ती धूळ उटलेली दिसायची कडंला, आन् आमी बगत बसायचो. समदी पलटण तिकडं तोंड करून. जीभ टाळूला चिकटल्याली. धूळ दिसली की कुनीतरी म्हनायचं, आलं." ते सरळ उभे राहिले. "तवा कुनी हसायचं न्हाई, वहिनी. येकजनबी हसायचा न्हाई." मग चष्मा काढत, "हितं आल्यावर हसलो आमी. मीबी हसलो हाय."

त्यांनी स्वतः कपाट उघडलं. वरच्या फळीवर रणगाडा आणि तोफ, तिथं जागा नव्हती, त्यांनी तोफ खाली उतरवली. मी म्हटलं कशाला, खालची फळी चालेल. ते म्हणाले, "तुमी गप बसा." पाटीवर काय लिहायचं ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, त्यांचं नाव लिहा आणि पाण्याची गाडी लिहा, दुसरं काही नको. सव्वीस तारखेला पुष्कळ लोक आले. ज्यानं त्यानं मला सांगितलं की नवऱ्याची आठवण असावी तर अशी, बाईनं तीन महिने त्यांच्या आठवणीत काढले. मी मान हलवत राहिले.

हे सगळं मी गाडीच्या मापांच्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलंय. कुठं पाठवायचं नाही, त्याच धुळीच्या डब्यात राहील. पण त्यात एक गोष्ट खरी लिहून ठेवते. डिसेंबरात त्यांची बरसी होती. दरवर्षी मी सकाळी कबरीवर जाते, घरी फातिहा होतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांत गोड जातं. यंदा त्या दिवशी मी टाकीवर मोहरी लावत बसले होते. सकाळी बसले ती दुपारी उठले, चहा गार होऊन साय धरली होती, शेजारणीनं दोनदा हाक मारली ती ऐकू आली नव्हती. त्यांच्याच गाडीवर वाकले होते आणि त्यांचा विचार दिवसभरात एकदाही मनात आला नाही. लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी. धावत कबरीवर गेले, फुलं घातली, माफी मागितली. अम्मी तुम्हाला जेवायला हाका मारून थकायची आणि तुम्ही मान वर करत नसायचात, तेव्हा मला वाटायचं तुम्हाला आमची फिकीर नाही. तसं नव्हतं, हे आता मला कळतं. लोक म्हणतात मी ते दिवस त्यांच्या आठवणीत काढले. त्यांना मी हो म्हणते. बरसीच्या दिवशी मी त्यांना विसरले होते, अब्बा, आणि मी खूश होते.